घरी येणारी फिजिओ, घोट्याचा व्यायाम आणि अण्णांचा अडकलेला ब्रेक

पाचपैकी चार स्टार. एक कापलाय, का ते खाली येईलच. बाईंचं नाव लिहीत नाही कारण त्यांना विचारलेलं नाही, त्या एकट्याच येतात, मागे कंपनी वगैरे काही नाही. पण लिहितेय कशासाठी, तर पॅरालिसिसनंतर घरी फिजिओ लावताना नेमकं काय बघायचं हे आम्हाला पाच आठवडे आणि बरेच पैसे घालवून कळलं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, बेस्टमध्ये ड्रायव्हर, वडाळा डेपो, रिटायर होऊन आठ वर्षं झाली. गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर झटका आला. डाव्या मेंदूत गुठळी, त्यामुळे उजवा हात उजवा पाय गेला आणि बोलणं अडखळलं. हॉस्पिटलातून बारा दिवसांनी घरी आलो. पाय हळूहळू आला, हात अजून अर्धाच. आम्ही राहतो लालबागला चाळीत, दुसरा मजला, लांब गॅलरी, टोकाला संडास. अण्णा चालायला लागले तेव्हा उजव्या पायाची सपाता फरशीवर घासत यायची, फस्स… फस्स, चार बिऱ्हाडं पलीकडे कळायचं की अण्णा निघाले. पाय उचलला जायचा नाही म्हणून कमरेतून गोल फिरवून पुढे टाकायचे, आणि पाय टेकला की गुडघा फटकन मागे जायचा. बघवायचं नाही.

सुरुवातीला एका अॅपवरून फिजिओ मागवले. नाव नको. पाच आठवड्यांत तीन वेगवेगळी माणसं आली, प्रत्येकाला पहिल्यापासून सगळी हिस्टरी सांगायची. आले की पायाला मशीनचे पॅड चिकटवायचे, वीस मिनिटं मोबाईल बघायचा, मग पाय वरखाली, मग "चला काका चला, चालायला पाहिजे, जितकं चालाल तितकं बरं" करत गॅलरीत दोन फेऱ्या, फोटो काढायचा आणि गेले. चालणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण अण्णा तीच वाकडी चाल रोज दोनदा घोटवून पक्की करत होते हे एकालाही दिसलं नाही. आणि गंमत बघा, पाच आठवड्यांत घोट्याला धड हात कुणी लावलाच नव्हता.

या बाईंचा नंबर मिळाला आईच्या भजनी मंडळातल्या एका मावशींकडून. वय असेल पस्तिसेक, पाठीला सॅक, त्यात एक पट्टा, एक मापायची टेप, रबरी पट्ट्या. मशीन नाही. आईचं तोंड पडलं, मशीन नाही म्हणजे काय उपचार! पहिल्या दिवशी तिने अण्णांना चालायला लावलं फक्त चार पावलं, मागून बघितलं, बाजूने बघितलं, आणि म्हणाली, "अण्णा, झोपा आता, मला तुमचा पाय बघू द्या." आणि मग पाऊण तास फक्त पाय.

गुडघा सरळ ठेवून तळवा वर ढकलून बघितला, मग गुडघ्याखाली उशी ठेवून परत तेच. त्याचं कारण तिने तेव्हाच सांगितलं. पोटरीत मुख्य दोन स्नायू, वरचा मोठा गुडघ्याच्याही वरून येतो, खालचा गुडघ्याच्या खालूनच निघतो, म्हणून गुडघा वाकवला की वरचा सैल पडतो आणि उरलेली अडचण खालच्याची की सांध्याची ते कळतं. अण्णांचा पाय गुडघा वाकवूनही विशेष वर येत नव्हता. मग तिने एकदा तळवा पटकन वर ढकलला तर पाय आपोआप टकटकटक उडायला लागला, शिलाई मशीनच्या सुईसारखा. आई घाबरून देवाचं नाव घ्यायला लागली. बाई म्हणाल्या घाबरू नका, याला क्लोनस म्हणतात, मेंदूचा लगाम सैल झाला की पोटरीचा स्नायू असा उसळतो, म्हणूनच या पायाला कधीही झटका द्यायचा नाही, जे करायचं ते हळू. एवढी साधी गोष्ट, आणि आधीचे लोक पाय कसा धरायचे आठवलं की आता अंगावर काटा येतो.

मग समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. झटक्यानंतर पोटरी सतत आवळलेली राहते, पाऊल खाली आणि जरा आत वळतं. त्यात आठवडेच्या आठवडे बिछान्यात, अंगावरच्या चादरीचंही वजन पायाच्या बोटांवर. स्नायू आखूड होतो, पण तेवढंच होत नाही, सांधा पण आखडतो. पायाच्या दोन हाडांची खाली चौकट होते आणि त्यात टॅलस नावाचं हाड बसलेलं असतं. पाऊल वर येतं तेव्हा हे हाड चौकटीत मागे सरकावं लागतं. ते सरकलंच नाही तर तुम्ही पोटरी कितीही ताणा, पुढून अडतं. आमच्या जुन्या कपाटाचा ड्रॉवर पावसाळ्यात फुगतो, कितीही जोरात ओढा येत नाही, एक कोपरा हाताने आत दाबला की सुटतो, अगदी तसं. हे उदाहरण माझं, बाईंचं नाही, पण त्यांना आवडलं.

आणि गुडघा मागे का जातो तेही तेव्हाच कळलं. पाय जमिनीवर असताना शरीर पुढे न्यायचं तर नडगी पावलावरून पुढे झुकायला पाहिजे, चालताना साधारण दहा अंश लागतात. घोटा तेवढा झुकत नाही, मग शरीर दुसरीकडून वाट काढतं, गुडघा मागे ढकलून. आम्ही गुडघ्याला कॅप आणली होती! साडेचारशे रुपयांची.

आता खरा व्यायाम. यात दोन-तीन प्रकार आहेत. पहिला झोपून. अण्णांची टाच खाटेच्या कडेला, बाई एका हाताने नडगी खालून घट्ट धरतात, दुसऱ्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली बेचकी घोट्याच्या बरोब्बर पुढे ठेवतात आणि ते हाड मागे, म्हणजे टाचेच्या दिशेने, लयीत दाबतात. दाब सोड, दाब सोड. याच्या चार ग्रेड असतात म्हणे, अगदी हलक्या झोक्यापासून सांध्याच्या शेवटच्या टोकापर्यंत, मेटलँड नावाच्या ऑस्ट्रेलियन फिजिओची ही पद्धत. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं ही बाई काही करतच नाहीये. आईला तसंच वाटलं, ती आत जाऊन मला म्हणाली, "सातशे रुपयांत नुसता पाय चेपतेय."

दुसरा प्रकार उभं राहून, तो बघण्यासारखा. खिडकीचा गज धरून अण्णा उभे, उजवा पाय पुढे आमच्या देवघरासमोरच्या पाटावर. बाई समोर बसून एक रुंद पट्टा अण्णांच्या घोट्याच्या वर मागून घालतात आणि स्वतःच्या कमरेभोवती, मग मागे झुकतात म्हणजे नडगी पुढे ओढली जाते, आणि हातांनी टॅलस मागे दाबून धरतात, आणि त्याच वेळी अण्णांनी गुडघा पुढे झुकवायचा. टाच उचलायची नाही. दुखलं की लगेच थांबायचं. हे दहा वेळा, जरा दम, परत दहा, असे तीन राउंड. ही पद्धत न्यूझीलंडच्या ब्रायन मलिगन यांची, पट्ट्याला पण मलिगन बेल्ट म्हणतात. आई त्याला मुलगीबेल्ट म्हणते. "आज मुलगीबेल्ट नाही आणला का?" बाई पण आता तेच म्हणतात.

आणि इथे त्यांची खरी हुशारी दिसली. सांधा मोकळा केल्यावर लगेच, पाच मिनिटांच्या आत, अण्णांनी स्वतः पाऊल उचलायला पाहिजे. नाहीतर मिळालेली जागा वापरलीच जात नाही, तासाभरात परत जैसे थे. पण अण्णांना "पाऊल वर घ्या" सांगितलं की काही व्हायचं नाही. झटक्यामुळे शब्द कळायला पण वेळ लागतो, आणि ते नुसते बघत बसायचे. तिसऱ्या व्हिजिटला बाईंना आईकडून कळलं की अण्णा ड्रायव्हर होते. त्यांनी अण्णांना खुर्चीवर बसवलं, उजव्या पायाखाली लाटणं आडवं ठेवलं आणि म्हणाल्या, "अण्णा, सिग्नल सुटला. ब्रेकवरून पाय काढा."

आणि पाऊल उचललं गेलं. जेमतेम बोटभर, पण उचललं. एकतीस वर्षं त्याच पायाने ब्रेक दाबलेला माणूस, त्या पायाला ती भाषा येत होती. मग रोज तेच. ब्रेक काढा, अॅक्सिलरेटरवर न्या, परत ब्रेक. अण्णांना बोलता फार येत नाही पण चौथ्या दिवशी स्वतःच खुर्चीच्या हातावर डाव्या हाताने दोनदा टकटक केलं. डबल बेल! बेस्टमध्ये एक बेल थांबा, दोन बेल निघा. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली, मी नाही रडले, मी व्हिडिओ काढत होते.

घरी करायला दिलं ते एका कागदावर मराठीत लिहून दिलं, अक्षर डॉक्टरांसारखं पण वाचता येतं. सुताराकडून एक उतरती फळी करून घ्यायला सांगितली, दहा अंशांची, म्हणजे तीस सेंमी लांब आणि एका टोकाला साधारण सव्वापाच सेंमी उंच, उंच टोक बोटांकडे. आमच्या गल्लीतल्या सुताराने जुन्या प्लायची करून दिली, वर घसरू नये म्हणून दारातल्या जुन्या मॅटचा तुकडा ठोकला. अण्णा ओट्याला धरून फळीवर उजवा पाय ठेवतात, घोट्याच्या पुढून पट्टा, त्याची टोकं मी मागून खाली ओढून धरते, आणि अण्णा गुडघा पुढे नेतात. पट्टा कुठे बसला पाहिजे हे तिने मला चार वेळा करायला लावलं, दोन्ही बाजूंची जी हाडं बाहेर दिसतात त्यांच्या खाली, नडगीवर नाही. नडगीवर बसला तर उलटंच होतं. पट्टा आम्ही चांभाराकडून शिवून घेतला, बॅगेच्या जाड पट्टीचा, आतून जुन्या टॉवेलची घडी, कारण अण्णांच्या त्या पायाला कमी कळतं, कातडी लाल झाली तरी ते सांगणार नाहीत. झाल्यावर मोजे काढून पाय बघायचाच, हा नियम.

पोटरी ताणायची वेगळी, गुडघा सरळ ठेवून एकदा आणि वाकवून एकदा, तीस-तीस सेकंद. आणि ताणताना तळव्याचा पुढचा भाग धरून नाही ढकलायचा, टाच तळहातात धरायची आणि आपल्या कोपराखालच्या हाताने तळवा वर न्यायचा, नाहीतर पाऊल मधूनच वाकतं आणि आपल्याला वाटतं घोटा वाकला. मी दोन आठवडे हेच चुकीचं करत होते.

एक महत्त्वाचं. पोटरी एकदम सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर काही दाबायचं नाही, चोळायचं नाही, आधी डॉक्टर. पायात गुठळी असू शकते. बाईंनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं आणि आधी डॉक्टरांचे कागद बघितले, घोट्याला कधी फ्रॅक्चर झालं होतं का ते विचारलं. अॅपवाल्यांनी फक्त ओटीपी विचारला होता.

फरक किती पडला? तिची मोजायची पद्धत सोपी आहे, भिंतीसमोर उभं राहायचं, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा आणि अंगठा भिंतीपासून किती लांब जातो ते टेपने मोजायचं. एक सेंमी म्हणजे ढोबळ साडेतीन अंश. डावा चांगला पाय ११ सेंमी. उजवा पहिल्या दिवशी २, सहा आठवड्यांनी ५, तीन महिन्यांनी साडेसहा, आणि तिथेच आहे. खुर्चीवरून उठून तीन मीटर जाऊन परत येऊन बसायला ३४ सेकंद लागायचे, आता २१. आणि गुडघा मागे जाणं जवळजवळ थांबलं, हे मला आकड्यांपेक्षा मोठं वाटतं.

आता खोटं नको. पाय घासणं पूर्ण गेलेलं नाही. सकाळी चाल बरी, संध्याकाळी दमले की परत फस्स सुरू. कारण सांधा मोकळा केला तरी पाऊल उचलायची ताकद नसेतून यायची असते, ती या व्यायामाने येत नाही, हे बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, आम्हीच नीट ऐकलं नव्हतं. पोटरीचा आवळपणा पण आहेच, थंडीत आणि राग आला की जास्त. डॉक्टर पोटरीत बोटॉक्सचं इंजेक्शन सुचवतायत, सुरकुत्यांचं तेच, असर साधारण तीन महिने राहतो, आमचं अजून ठरत नाहीये. आणि मे महिन्यात लग्नासाठी कणकवलीला गेलो तेव्हा बारा दिवस काही केलं नाही, परत येऊन मोजलं तर पाच सेंमी. म्हणजे हे रोजचं आहे, दात घासण्यासारखं.

संडासाचं पण सांगते कारण कुणी लिहीत नाही. आमच्याकडे भारतीय पद्धतीचा, आणि उकिडवं बसायला घोटा चालण्यापेक्षा कितीतरी जास्त वाकावा लागतो. अण्णांचा हट्ट की खुर्ची नको. बाईंनी स्पष्ट सांगितलं, इतका घोटा येईल असं मी वचन देत नाही, मध्ये पडलात तर कंबरेचं हाड मोडेल, खुर्ची ठेवा. अण्णा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तसे ते बोलतच कमी, पण तेव्हा डबल बेल पण नाही. खुर्ची ठेवली.

स्प्लिंटवरून एक सल्ला. आम्ही आधी एका सर्जिकलच्या दुकानातून तयार प्लास्टिकचा स्प्लिंट, म्हणजे पाऊल खाली पडू नये म्हणून पायात घालायचा आधार, आणला होता, मीडियम लार्ज असा साईझवर. पायात चढला पण टाच आत बसतच नव्हती, वर उचललेली राहायची, आणि बाजूला फोड आला. बाई म्हणाल्या घोटा जिथपर्यंत येत नाही तिथपर्यंत स्प्लिंट जबरदस्तीने आणू शकत नाही. आधी जरा मोकळा झाला, मग माप देऊन करून घेतला. हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे तिथे माप घेऊन बनवतात, अनेकांना माहीतच नसतं. बूट एक नंबर मोठा घ्यावा लागतो, उजव्यासाठी, म्हणजे दोन्ही. डावा पाय बुटात पोहतो, त्यात कापूस.

तर एक स्टार का कापला. वेळ. अकरा म्हणजे साडेबारा. परळ, लालबाग, शिवडी असे तिचे पेशंट, एकीकडे उशीर झाला की पुढे सगळीकडे, आणि गणपतीचे दहा दिवस आमच्या इथे गर्दीमुळे येताच येत नाही म्हणाली, ते मी समजू शकते, पण एरवी एक मेसेज टाकायला काय जातं? माझी शिफ्ट दोनची, दोन वेळा मी व्यायाम अर्धा बघून धावत करी रोड स्टेशन गाठलंय. एकदा तर आईने तिला दारातच सुनावलं, "बाळा, तू माझ्या लेकीसारखी, पण घड्याळ घे एक." ती हसली आणि पुढच्या वेळी परत उशिरा. आणि हातासाठी ती फारसं काही करत नाही, त्याला ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं परत करायला शिकवणारे, बघा म्हणते. प्रामाणिकपणा म्हणून चांगलं, पण आमचा खर्च वाढला.

पैसे, एका व्हिजिटचे सातशे, साधारण पाऊण ते एक तास. पहिले दोन महिने आठवड्यात चार वेळा, मग दोन वेळा, आणि मग तिने स्वतःहूनच सांगितलं की आता पंधरा दिवसांतून एकदा बास, बाकी तुम्हीच करताय. स्वतःचं गिऱ्हाईक स्वतः कमी करणारी मी पहिली बघितली. अॅपवाले पॅकेज संपायच्या आधीच पुढचं पॅकेज विकत होते.

कुणी फिजिओ लावणार असाल तर पहिल्या दिवशी एवढंच बघा, की तो चालवायच्या आधी बूट-मोजे काढायला सांगतो का, घोटा मोजतो का, आणि घरच्यांच्या हातात करून घेतो का. खर्च परवडत नसेल तर केईएमला फिजिओथेरपीची ओपीडी आहेच, देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा तिथेच निघाली, पोलिओच्या साथींच्या काळात, १९५०च्या दशकात. तिथे माणूस घेऊन जायचं म्हणजे जिने आणि टॅक्सी, आम्हाला दुसऱ्या मजल्यावरून ते जमत नव्हतं, तुम्हाला जमत असेल तर जा.

बाईंना पैसे रोख लागतात आणि सुटे नसतात. सातशेचे सातशे काढून ठेवा.